दुसऱ्यांच्या हाती एन्क्रिप्शन देताना : सोसायटीच्या कार्यालयात व्हेराक्रिप्ट बसवण्याचा योग्य क्रम

गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयातील संगणकावर सभासदांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती, नामनिर्देशनाचे अर्ज, भाडेकरार, सभासदांची नोंद असलेल्या आय आणि जे नमुन्यातील नोंदवह्यांचे स्कॅन, बँकेशी झालेला पत्रव्यवहार असे बरेच काही उघडे पडलेले असते. ते एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही असे करून, ठेवावे हे समितीला पटते, संगणकाची जाण असलेला एखादा सभासद एका संध्याकाळी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर बसवून देतो, आणि काही महिन्यांनी पाहावे तर त्याच्या कंटेनरमध्ये, म्हणजे कागदपत्रे आत ठेवण्याच्या पासवर्डबंद फाइलीत, कोणी काही ठेवतच नसते, किंवा त्याचा पासवर्ड एकालाही आठवत नसतो. यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचित असतो. पासवर्ड घाईघाईने शेवटी ठरवला जातो, बॅकअपचा विचार फाइल बिघडल्यावर होतो, आणि मूळ कागदपत्रांच्या उघड्या प्रती जिथल्या तिथे राहतात.

हा लेख कंटेनर रोज वापरणाऱ्यांसाठी नसून त्यांना तो बसवून देणाऱ्यासाठी आहे. सचिव, खजिनदार आणि पगारी व्यवस्थापक यांच्या वाट्याला तीनच कृती याव्यात : उघडणे, काम करणे, बंद करणे. त्यापलीकडचा प्रत्येक निर्णय बसवून देणाऱ्याने आधीच घेतलेला असावा. उदाहरण सोसायटीचे घेतले असले, तरी छोटा दवाखाना, कर सल्लागाराचे कार्यालय किंवा घरातील कागदपत्रे यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## तयारी : संगणकाला हात लावण्यापूर्वी

प्रथम एका कागदावर दोन गोष्टी लिहून काढाव्यात : काय झाकायचे आहे आणि कोणापासून. संगणक चोरीला जाणे, दुरुस्तीसाठी दुकानात जाणे, पेन ड्राइव्ह रिक्षात राहणे, किंवा कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्याने सहज डोकावणे, या धोक्यांवर एन्क्रिप्ट केलेला कंटेनर उत्तम चालतो. मात्र कंटेनर उघडा असताना संगणकात शिरलेला व्हायरस, किंवा दूरवरून पडदा पाहण्याचे अॅप चालू करायला लावणारा भामटा, यांच्यापुढे त्याचा काहीही उपयोग नाही. हे समितीला सुरुवातीलाच सांगावे. नाहीतर ‘आपले सगळे एन्क्रिप्टेड आहे’ या समजुतीत माणसे आधीपेक्षा अधिक बेफिकीर होतात.

दुसरा प्रश्न कागदपत्रे कुठून उघडली जाणार, हा आहे. काम कार्यालयातील एका विंडोज संगणकावरच होत असेल तर व्हेराक्रिप्ट योग्य ठरते. ते विनामूल्य आहे, त्याचा मूळ कोड उघड आहे, आणि त्याचा कंटेनर म्हणजे एकच मोठी फाइल असल्याने ती उचलून दुसरीकडे ठेवणे सोपे जाते. परंतु सचिवांना तीच कागदपत्रे मोबाइलवर हवी असतील, किंवा दोघेजण दोन संगणकांवरून गूगल ड्राइव्हमधील एकाच फोल्डरवर काम करणार असतील, तर व्हेराक्रिप्टचा हट्ट धरू नये. व्हेराक्रिप्टचे अधिकृत मोबाइल अॅप नाही, आणि एकच कंटेनर दोन ठिकाणी एकाच वेळी उघडला तर आतील फाइली बिघडतात. अशा ठिकाणी क्रिप्टोमेटर हे दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे. ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करते, म्हणून क्लाउडशी त्याचे जुळते. पुढील टप्पे एका संगणकाचे काम गृहीत धरून लिहिले आहेत.

जवळ ठेवायच्या वस्तू : चांगल्या प्रतीचा कागद, शाईचे पेन, दोन जाड पाकिटे, दोन पेन ड्राइव्ह, आणि लहान मुलांच्या खेळातील तीन फासे. फासे कशासाठी, ते टप्पा २ मध्ये येईल.

## टप्पा १ : आधी संपूर्ण डिस्क

कंटेनर तयार करण्याची घाई होते, पण त्याआधी संगणकाची सगळी डिस्कच एन्क्रिप्ट होऊ शकते का, ते पाहावे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर हे साधन असते. होम आवृत्तीत, संगणक त्याला पात्र असेल तर, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हा पर्याय दिसतो. नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा आधीच चालू असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

हे आधी करण्याचे कारण एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कच्या रचनेत आहे. एसएसडी आपली झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते. त्यामुळे एखाद्या फाइलवर पुन्हा लिहून ती पुसून टाकण्याच्या जुन्या युक्त्या तिथे भरवशाच्या राहत नाहीत, आणि पुसलेल्या फाइलीचे अवशेष कुठे उरले हे विंडोजलाही कळत नाही. सगळी डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ते अवशेषही एन्क्रिप्टच राहतात.

बिटलॉकर चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळी डिस्क उघडण्याची किल्ली, मिळते. ती छापावी आणि त्या कागदावर संगणकाचे नाव व तारीख लिहावी. मायक्रोसॉफ्ट खात्यातून प्रवेश केला असेल तर ती की त्या खात्यातही साठवलेली असू शकते. ते खाते नक्की कोणाचे आहे, हे पाहणे आवश्यक आहे, कारण कार्यालयाच्या संगणकावर माजी सचिवांच्या मुलाचे खाते असल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

सावधान : मदरबोर्डची दुरुस्ती किंवा बायॉसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतील) बदल झाल्यावर संगणक ही की मागू शकतो. कागद सापडत नसेल आणि खातेही हाती नसेल, तर त्या डिस्कवरील सर्व काही गेले असे समजावे. म्हणून की छापून, छापलेले अंक पडद्यावरील अंकांशी पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संगणक जुना असून ही सोय नसेल तर पुढील टप्प्यांकडे जावे. मात्र टप्पा ६ अधिक काटेकोरपणे पाळावा लागेल.

## टप्पा २ : पासवर्ड, कंटेनरच्या आधी

पासवर्ड पडद्यावरील चौकट समोर आल्यावर सुचवायचा नसतो. तसे केले की सोसायटीचे नाव, नोंदणीचे वर्ष आणि शेवटी एखादे चिन्ह, एवढेच सुचते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तो साचा इतका अंगवळणी पडला आहे की लोक आपल्या इतर फाइलींनाही तोच लावतात. नाव आणि जन्मवर्ष या दोन्ही गोष्टी ज्याच्या हाती कागदपत्रे लागतील त्याला बहुधा माहीतच असतात.

त्याऐवजी पुढील पद्धत वापरावी. रोजच्या वापरातील, एकमेकांहून वेगळे असे २१६ मराठी शब्द एका कागदावर क्रमाने लिहावेत : भाज्या, भांडी, पक्षी, गावे, अवजारे. प्रत्येक शब्दासमोर १११ पासून ६६६ पर्यंत, फाशांवर पडू शकणारा तीन आकडी क्रमांक टाकावा. तीन फाशांना वेगवेगळी खूण करून त्यांचा क्रम ठरवून घ्यावा, ते एकत्र टाकावेत, आणि जो क्रमांक येईल तो शब्द उचलावा. असे सात वेळा करावे. सात शब्दांच्या अशा सुमारे २२ हजार लाख कोटी जुळण्या होतात. शिवाय व्हेराक्रिप्ट आपल्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पासवर्डावर पाच लाख वेळा गणित करून पाहते, त्यामुळे एकेक जुळणी तपासणाऱ्याचा वेग फार मंदावतो. शब्दांची यादी कोणाच्या हाती लागली तरी चालते. फाशांनी दिलेले सात शब्द आणि त्यांचा क्रम तेवढा गुप्त राहायला हवा.

‘हा शब्द नको, दुसरा टाकू’ असे करू नये. आवडीनिवडी मधे आल्या की फाशांचा उपयोग संपतो.

आता मराठी कार्यालयांत हमखास होणारी चूक. पासवर्ड देवनागरीत ठेवू नये. एका संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतो, दुसऱ्यावर उच्चाराप्रमाणे टंकन करण्याची सोय, तिसऱ्यावर काहीच नसते. शिवाय पासवर्डाच्या चौकटीत टिंबेच दिसत असल्याने वेलांटी चुकली की जोडाक्षर तुटले हे कळत नाही. शब्द मराठी ठेवावेत, पण लिपी रोमन आणि अक्षरे सर्व लहान. मग स्पेलिंगचा प्रश्न येतो. ‘शेवगा’ मधील ‘व’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. ‘काकडी’ मधील ‘का’ ला कोणी एक ‘ए’ लावतो, कोणी दोन. सात शब्दांपैकी एकातही फरक पडला तर कंटेनर उघडत नाही, आणि कुठे चुकले हे तो सांगत नाही. म्हणून ठरलेले स्पेलिंग मोठ्या, सुट्या अक्षरांत कागदावर लिहावे, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची की नाही हेही त्याच कागदावर नोंदवावे, आणि तो कागद दुसऱ्या व्यक्तीला देऊन नोटपॅडमध्ये टंकायला सांगावे. तिने टंकलेले अक्षरशः जुळले, तर पासवर्ड लिहिला गेला असे म्हणता येईल. त्यानंतर नोटपॅडची ती खिडकी फाइल न जतन करता बंद करावी.

पडताळा : एकसारख्या मजकुराचे दोन कागद तयार आहेत का? दोन्हींवर पासवर्ड, (टप्पा १ झाला असल्यास) बिटलॉकरची की आणि तारीख आहे का? नसल्यास इथेच थांबावे.

## टप्पा ३ : डाउनलोड आणि मांडणी

व्हेराक्रिप्ट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात अधिकृत असेलच असे नाही. डाउनलोड झालेल्या फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल सही दिसते का, आणि ती वैध आहे का, ते पाहावे. बसवताना ‘इन्स्टॉल’ हा पर्याय निवडावा. ‘एक्स्ट्रॅक्ट’ निवडल्यास पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती मिळते, पण तिला दर वेळी अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि व्यवस्थापकाकडे ते नसतात, नसावेतही.

## टप्पा ४ : कंटेनर तयार करणे

१. मुख्य खिडकीतील ‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबावे. तीन पर्यायांतील पहिला, म्हणजे एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर तयार करण्याचा, घ्यावा. उरलेले दोन संपूर्ण विभाजन किंवा संपूर्ण प्रणाली एन्क्रिप्ट करतात; चुकून दुसरा घेतला आणि पुढे पुढे ‘नेक्स्ट’ दाबत गेले तर भरलेली डिस्क कोरी होऊ शकते.

२. पुढे ‘स्टँडर्ड’ प्रकार निवडावा. लपवलेल्या कंटेनरचा पर्याय आकर्षक वाटतो, पण ज्याला पासवर्ड सांगण्याची सक्ती होऊ शकते अशा माणसासाठी तो आहे. सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या हिशेबाला त्याची गरज नाही, आणि बाहेरच्या भागात जास्त फाइली ठेवल्या गेल्या तर आतील भाग नष्ट होण्याचा धोका मात्र असतो.

३. ठिकाण निवडताना फाइलीचे नवे नाव टंकावे.

सावधान : इथे आधीपासून असलेली फाइल निवडली तर व्हेराक्रिप्ट ती फाइल एन्क्रिप्ट करत नाही, ती काढून टाकून तिच्या जागी रिकामा कंटेनर बनवते. ‘हिशेबाची एक्सेल फाइल निवडली आणि ती गेली’ ही तक्रार नेहमी याच पायरीवरची असते.

४. एन्क्रिप्शनची पद्धत एईएस आणि हॅश एसएचए-५१२ असे आधीच निवडलेले असते. त्यात बदल करू नये. तीन पद्धती एकावर एक लावल्याने सुरक्षितता समजण्याइतकी वाढत नाही, वेग मात्र घटतो.

५. आकार आज असलेल्या कागदपत्रांच्या निदान तिप्पट ठेवावा, कारण तो नंतर वाढवणे शक्य असले तरी खटाटोपाचे असते. कंटेनरची प्रत ज्या पेन ड्राइव्हवर जाणार आहे तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा असतानाच तो एक्सफॅट करून घ्यावा.

६. पासवर्ड कागदावरून टंकावा. ‘पिम’ आणि ‘की-फाइल’ या चौकटी रिकाम्या सोडाव्यात. त्या भरल्या तर लक्षात ठेवायच्या गोष्टी एकाच्या तीन होतात, आणि त्यांतील एक हरवली तरी सगळे हरवते.

७. आतील फाइल प्रणाली फक्त विंडोज वापरणार असल्यास एनटीएफएस, कोणाकडे मॅक असल्यास एक्सफॅट. त्यानंतर पट्टी भरेपर्यंत माऊस खिडकीत वेडावाकडा फिरवत राहावा. या हालचालींतून कंटेनरच्या आतील गुप्त की तयार करण्यासाठी लागणारी यादृच्छिकता गोळा होते. शेवटी ‘फॉरमॅट’ दाबावे.

## टप्पा ५ : खोट्या फाइलींवर तालीम

खरी कागदपत्रे इतक्यात हलवू नयेत. कंटेनर उघडून त्यात दोन-चार निरुपयोगी फाइली टाकाव्यात, तो बंद करावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि कंटेनर परत उघडावा. मग ‘टूल्स’ मेनूतील ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ वापरून हेडरची प्रत काढावी. कंटेनरच्या सुरुवातीच्या या छोट्या भागात आतील गुप्त की पासवर्डने झाकून ठेवलेली असते. तो भाग बिघडला तर पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येत नाही. कंटेनरच्या शेवटी हेडरची आणखी एक प्रत असते हे खरे, पण फाइल अर्धवट कॉपी झाली असेल तर ती प्रतही गेलेली असते.

आता रोजच्या वापराची मांडणी. आवृत्तीनुसार मेनूतील शब्द थोडे बदलतात. बंद करण्याच्या बटणाला जुन्या आवृत्त्यांत ‘डिसमाउंट’ म्हटले आहे, नव्यांत ‘अनमाउंट’. आपल्या पडद्यावर जो शब्द असेल तोच सूचनांच्या कागदावर लिहावा.

कंटेनर ‘फेव्हरिट्स’मध्ये टाकून त्याला कायमचे एक ड्राइव्ह-अक्षर द्यावे. अक्षर दर वेळी बदलले तर ‘काल इथे होते, आज नाही’ असे म्हणून माणसे कागदपत्रे पुन्हा डेस्कटॉपवर ठेवू लागतात. उघडल्याबरोबर फोल्डरची खिडकी आपोआप समोर येईल असा पर्याय तिथेच असतो, तो चालू करावा. ‘प्रेफरन्सेस’मध्ये लॉग ऑफ केल्यावर, संगणक झोपी गेल्यावर, आणि काही वेळ वापर न झाल्यास कंटेनर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी. उघड्या फाइली असतानाही सक्तीने बंद करण्याचा पर्याय मात्र मी काढून ठेवतो. तो चालू असल्यास, जेवायला उठलेल्या व्यवस्थापकाचे न जतन केलेले पत्र जाते, आणि त्या दिवसापासून तो कंटेनरमध्ये काम करणे सोडतो. सुरक्षिततेत थोडी सूट दिली गेली तरी चालेल, पण वापर थांबू नये. पासवर्ड संगणकात साठवून ठेवण्याची सूट मात्र कोणत्याही कारणाने देऊ नये.

त्यानंतर एका पानाचा सूचनांचा कागद तयार करावा. त्यावर उघडणे, काम करणे आणि बंद करणे एवढेच, ठळक अक्षरांत, पडद्यावरील बटणांच्या नावांसह असावे. एन्क्रिप्शन म्हणजे काय याचे स्पष्टीकरण त्यावर नको.

आणि मग खरी परीक्षा. सचिवांना संगणकासमोर बसवावे, हाती तो कागद द्यावा, आणि आपण शेजारी हात बांधून बसावे. माऊसला हात लावायचा नाही, ‘तिथे नाही, वर’ असे सांगायचे नाही. ते कुठे अडखळतात ते फक्त टिपायचे. १९९९ मध्ये ईमेल एन्क्रिप्ट करण्याच्या पीजीपी ५.० या प्रसिद्ध सॉफ्टवेअरवर असाच प्रयोग अमेरिकेत झाला होता. ईमेल वापरता येणाऱ्या १२ जणांना प्रत्येकी ९० मिनिटे देऊन संदेश सही करून व एन्क्रिप्ट करून पाठवायला सांगितले होते. बहुतेकांना ते जमले नाही, आणि तिघांनी तर गुप्त मजकूर एन्क्रिप्ट न करताच पाठवून दिला. ते सॉफ्टवेअर दिसायला सुटसुटीत होते. एखादी गोष्ट सोपी आहे की नाही हे बसवून देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही तालीम टाळू नये.

अडखळण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात : कॅप्स लॉक चालू राहणे, कंटेनरच्या फाइलीवरच दुहेरी टिचकी मारून ‘हे उघडत नाही’ असे वाटणे, आणि वर्डची खिडकी उघडी ठेवून बंद करण्याचा प्रयत्न करणे. जिथे ते अडले तिथे त्यांना समजावून न सांगता कागद दुरुस्त करावा, आणि दुरुस्त कागद घेऊन खजिनदारांना बसवावे.

पडताळा : दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, कोणाचीही मदत न घेता, उघडणे-बंद करणे केले का? झाल्यानंतरच पुढे जावे.

## टप्पा ६ : खरी कागदपत्रे आत, उघड्या प्रती बाहेर

फाइली आत नेताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी, आतील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात, कंटेनर एकदा बंद करून पुन्हा उघडावा, आणि मगच बाहेरच्या प्रती काढाव्यात. काढायच्या प्रती कुठे कुठे असतात, याचा अंदाज नेहमी कमी पडतो. डाउनलोड्स आणि डेस्कटॉप सर्वांना आठवतात. पुढील जागा राहून जातात :

- स्कॅनरचे स्वतःचे फोल्डर, जिथे प्रत्येक स्कॅन आपोआप जमा होत असतो
- संगणकावरील व्हॉट्सअॅपने उतरवून ठेवलेल्या फाइली, आणि ज्या मोबाइलवर सभासदांनी आधारचे फोटो पाठवले त्याची गॅलरी
- ईमेलमधील ‘सेंट’ फोल्डर
- वनड्राइव्ह, जे डेस्कटॉपची प्रत गुपचूप क्लाउडवर नेत असते, आणि तिथली वेगळी कचरापेटी
- झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेन ड्राइव्ह

यांतील स्कॅनर सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीच्या जागा एकदा साफ होतात, तो मात्र रोज नवी प्रत तयार करतो. त्याच्या सेटिंगमध्ये जतन करण्याची जागा बदलून कंटेनरचे ड्राइव्ह-अक्षर द्यावे. कंटेनर बंद असेल तर स्कॅन जतन होणार नाही आणि व्यवस्थापक तक्रार करेल. ती तक्रार येणे हेच अपेक्षित आहे.

शेवटी रिसायकल बिन रिकामा करावा. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसण्याचे साधन वापरून मोकळी जागा पुन्हा लिहिता येते. एसएसडीवर टप्पा १ झालेला नसेल, तर काही अवशेष उरतील हे गृहीत धरावे आणि तो संगणक विकताना डिस्क काढून ठेवावी.

## टप्पा ७ : बॅकअप

कंटेनर बंद करून त्याची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करावी आणि नावात तारीख घालावी. दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून वापरावेत, आणि त्यांतला एक कार्यालयाबाहेर ठेवावा.

इथे एक खोच आहे, आणि ती अनुभवी माणसांनाही चकवते. व्हेराक्रिप्ट नेहमीच्या मांडणीत कंटेनरच्या फाइलीची ‘शेवटचा बदल’ ही वेळ मुद्दाम जुनीच ठेवते. फाइलीचा आकारही बदलत नाही. त्यामुळे वेळ आणि आकार पाहून काम करणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरला काहीच बदललेले दिसत नाही, आणि महिनोन् महिने पहिल्या दिवसाचीच प्रत जपली जाते. ‘प्रेफरन्सेस’मधील ती वेळ जपण्याची खूण काढून टाकावी.

पडताळा : बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, गेल्या आठवड्यातील एखादी फाइल तिच्यात आहे का ते पाहावे. प्रत उघडून न पाहता तिला बॅकअप म्हणू नये.

## टप्पा ८ : बाहेर पाठवायची फाइल

लेखापरीक्षकांना किंवा वकिलांना कागदपत्रे पाठवायची वेळ येतेच. संपूर्ण कंटेनर किंवा त्याचा पासवर्ड कधीही पाठवू नये. सेव्हन-झिप या फाइली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या तेवढ्याच फाइलींचा सेव्हन-झेड प्रकारचा संग्रह करावा, पासवर्ड द्यावा, आणि फाइलींची नावे एन्क्रिप्ट करण्याची खूण करावी. ती केली नाही तर आतील मजकूर झाकला जातो, पण कोणत्या सभासदाची कोणती फाइल आहे ते दिसत राहते. झिप प्रकार निवडल्यास एन्क्रिप्शनची जुनी, कमकुवत पद्धत आधीच निवडलेली असते, म्हणून प्रकार तपासून घ्यावा.

फाइल ईमेलने गेली तर पासवर्ड फोनवर सांगावा. त्याच ईमेलच्या खाली ‘पासवर्ड पुढीलप्रमाणे’ असे लिहिणे म्हणजे कुलपाला किल्ली दोऱ्याने बांधून पाठवणे होय, आणि बँकांपासून सोसायट्यांपर्यंत सर्वत्र हे सर्रास चालते. पाठवण्यासाठी दर वेळी नवा पासवर्ड घ्यावा.

## टप्पा ९ : पाकिटे आणि कार्यभार हस्तांतर

टप्पा २ मध्ये तयार केलेले दोन कागद दोन पाकिटांत बंद करून, जोडावर सही करून, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत : एक सचिवांकडे, एक खजिनदारांच्या ताब्यातील कुलूपबंद कपाटात किंवा सोसायटीच्या लॉकरमध्ये. बॅकअपचा पेन ड्राइव्ह आणि पाकीट एकाच कप्प्यात ठेवू नये. पाकिटे कोठे आहेत याची नोंद समितीच्या सभेच्या इतिवृत्तात करावी. पासवर्ड अर्थातच त्यात लिहू नये. सचिव गावी गेले, रुग्णालयात असले किंवा त्यांचे निधन झाले, तरी कामकाज थांबू नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे. बसवून देणाऱ्याने स्वतःकडे पासवर्ड ठेवू नये, ‘मदतीसाठी’ सुद्धा नाही.

निवडणुकीनंतर समिती बदलली की जुने पदाधिकारी पासवर्ड सांगतात, नवे तो बदलतात, आणि काम झाले असे सर्वांना वाटते. तसे ते होत नाही. व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्ड बदलल्याने आतील फाइली ज्या मूळ कीने एन्क्रिप्ट झालेल्या असतात ती की बदलत नाही. हेडरमधील तिच्यावरचे झाकण तेवढे बदलते. ज्याच्याकडे जुना पासवर्ड आणि कंटेनरची किंवा हेडरची जुनी प्रत आहे, त्याला ते हेडर वापरून आजचा कंटेनरही उघडता येतो. यात माजी सचिवांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. त्यांच्या घरच्या कपाटात विसरलेला पेन ड्राइव्ह पुढे कोणाच्या हाती जाईल, हा आहे.

म्हणून हस्तांतराच्या वेळी पुढील क्रम पाळावा :

१. नव्या पदाधिकाऱ्यांसमोर फासे टाकून नवा पासवर्ड ठरवावा आणि दोन नवे कागद लिहावेत.

२. नवा कंटेनर तयार करावा, जुना व नवा दोन्ही उघडावेत, आणि सर्व फाइली जुन्यातून नव्यात कॉपी कराव्यात. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हींकडे जुळतात का, ते पाहावे.

३. नव्या कंटेनरच्या हेडरची प्रत काढावी आणि दोन्ही पेन ड्राइव्हवर नवा बॅकअप घ्यावा. त्यांतला एक दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

४. नव्या सचिवांना आणि खजिनदारांना टप्पा ५ मधील परीक्षेला बसवावे. आधीच्यांना जमत होते, हा पुरावा होत नाही.

५. एवढे झाल्यावर जुना कंटेनर, त्याच्या हेडरची प्रत आणि त्याचे सर्व बॅकअप काढून टाकावेत, आणि जुन्या पाकिटांतील कागद फाडून नष्ट करावेत. मात्र टप्पा १ मधील बिटलॉकरची की त्याच कागदांवर असते, त्यामुळे ती नव्या कागदांवर उतरवून, अंक पडताळूनच जुने कागद फाडावेत.